शनिवारचा खाडा

आमच्या सासूबाई, शेगुलाबाई रोहेकर,
सत्तावीस वर्षं वागळे इस्टेटात
इंजेक्शनच्या काचकुप्या तपासत होत्या.
एका मुठीत चार. उलट्या करायच्या,
आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या.
आत केसाएवढं काही तरंगलं
की कुपी बाजूला.
दिवसाला पाच हजार, असं सांगायच्या.
खोटं त्या बोलत नसत,
आणि दुसऱ्याचं त्यांना लगेच दिसे.

इस्टेटीची सुट्टी शुक्रवारी,
देवाची शनिवारी.
या एका दिवसाच्या फरकात त्यांचं आयुष्य गेलं.
शनिवारी त्या कामावर गेल्या नाहीत. एकदाही.
दर शनिवारचा खाडा पगारातून कापला जाई:
आधी अकरा रुपये, मग एकोणीस, शेवटी बहात्तर.
तावडे सुपरवायझर म्हणाले, बाई,
तुमचा देव एक दिवस अलीकडे सरकत नाही का?
त्या म्हणाल्या, तुमची कंपनी सरकवून बघा.

खाड्याची भरपाई रात्री होई,
टेंभी नाक्यावरच्या दोन खोल्यांत,
चाळीतल्या बायकांचे परकर शिवून.
मशीन चालू, तोंडाने शमा.
पाय थांबले तरी ओठ थांबत नसत.

मी रेवदंड्याची. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी
चार अंडी थेट टोपात फोडली.
त्या आल्या, टोपात पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं,
काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या.
मला वाटलं, गेले मी बाजूला.
त्यांनी एक वाटी पुढे सरकवली.
यात फोडायचं. एकेक. रक्ताचा ठिपका दिसला तर मोरीत.
महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेलाही मोरीत,
जेव्हा घरात अंडी तीनच असत
आणि माणसं सात.

शुक्रवारी जांभळी नाक्यावरून खवल्यांचा मासा,
नारळाचं दूध, भिजलेल्या काळ्या मनुका,
आणि दिवस कलता कलता तो काचेचा पेला.
तळाशी पाणी, वर खोबरेल, मधे वात.
भरण्याआधी पेला खिडकीशी धरून फिरवायच्या.
कंपनी सुटली होती, डोळे सुटले नव्हते.

थोरले दीर अश्दोदला गेले, मग मधले.
फोन आला: आई, इकडे ये,
इथे शनिवारी बससुद्धा बंद असते,
कोणाचा कोणी पगार कापत नाही.
त्यांनी फोन ठेवला, बराच वेळ पदर झटकला.
फुकट मिळतो तिथे शनिवार, म्हणाल्या.
आणि थोड्या वेळाने: पापलेट मिळतं का, विचारायचं राहिलं.

गेल्या गुरुवारी रात्री.
शुक्रवारी दिवस मावळायच्या आत उरकायला हवं होतं.
इस्टेटीला सुट्टी, त्यामुळे सगळ्याजणी येऊ शकल्या,
पोंक्षेबाई, जुलेखा, भोईरांची हिरा,
तपासणीच्या बाकावरच्या, आता जाड चष्म्यांच्या.
कब्रस्तानाच्या भिंतीशी ओळीने उभ्या राहिल्या,
बाकावर बसत त्याच क्रमाने.
मधली एक जागा सोडून.

प्रार्थनेच्या पुस्तकात पगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या.
गॅबीने बसून सगळे खाडे मिळवले.
कळव्याला एक खोली झाली असती, म्हणाला,
आणि चिठ्ठ्या होत्या त्याच पानांत परत ठेवल्या.

त्याच संध्याकाळी दिवा लावायचा होता.
आरशावर चादर, पाहुणे सतरंजीवर,
सूर्य तलावापलीकडे जवळजवळ गेलेला.
पेला घासला, पुसला, पाणी घातलं,
खिडकीशी धरून फिरवला.
पाण्यात एक केस. पांढरा, लांब,
माझा असणं शक्य नाही.

पुन्हा धुवायला वेळ होता.
मी वर खोबरेल ओतलं आणि वात पेटवली.

गॅबीला हे सांगितलेलं नाही.